नऊ इंच

नैरोबीच्या जोगू रोडवर सगळी वाहतूक खोळंबली होती आणि मुसेंबीच्या खिडकीला अगदी खेटून दुसरी मताटू, म्हणजे इथली खासगी प्रवासी बस, येऊन उभी राहिली. तिच्या अंगावर एका गाणाऱ्या बाईचा चेहरा होता, खिडक्यांच्या पट्टीपासून थेट चाकापर्यंत. एवढ्या जवळून त्याला फक्त नाक दिसत होतं आणि गालाचा तांबूस उतार. यात जोड कुठे तरी असणारच. स्टिकरचा रोल पाच फुटी, चेहरा सात फूट रुंद, म्हणजे दोन पट्टे छापून कडेवर कड चढवून चिकटवावे लागणार, आणि चिकटवलेलं कधी लपत नाही. शिकाऊ माणूस जोड नाकावरून नेतो. मुसेंबीने काच सरकवली, हात बाहेर काढला आणि त्या बाईच्या नाकावरून नख फिरवलं. काही लागलं नाही. गालावरून फिरवलं, काही लागलं नाही. मग त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि कानामागे, जिथे केसांची काळी सावली सुरू होते, तिथे नख अडकलं. केसाएवढा उंचवटा. तो स्वतः जिथे जोड ठेवला असता, नेमका तिथे, एक बोटही इकडे नाही की तिकडे नाही. ‘ए बाबा, हात आत घे!’ त्या गाडीचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला. ‘नवी कोरी आहे ती. तिला काय खाजवतोस, घरी बायको नाही का?’ दोन्ही गाड्यांतली माणसं हसली. मुसेंबीने हात आत घेतला आणि काच लावली. त्याच्या कपाळाची शीर उडत होती. कंडक्टरच्या बोलण्याने नाही. असल्या बोलण्यावर या शहरात कुणी थांबत नाही. ही गाडी तो कामाला होता त्याच स्टिकरच्या कारखान्यातून मागच्या आठवड्यात बाहेर पडली होती, तिच्या मापाला त्याने हात लावला नव्हता, आणि तिच्यात चूक नव्हती.

चूक असावी असं त्याला फार वाटत होतं. चार महिने तो शहरभर चुका शोधत हिंडत होता. कारखान्यातून सुटल्यावर मुद्दाम लांबच्या थांब्यावर जायचा, रोंगाईकडे जाणाऱ्या गाड्या येतात तिथे उभा राहायचा आणि आपल्या कारखान्याच्या एकेका गाडीला डोक्यापासून चाकापर्यंत न्याहाळायचा. कुणाचं कोपर खिडकीच्या रबरात सापडलंय, कुठलं अक्षर डिझेलच्या झाकणावर चढलंय, काहीतरी. सुरुवातीला सापडायच्या. पहिल्या महिन्यात एका फुटबॉलवाल्याचा पाय चाकाच्या कमानीत गेला होता, तेव्हा मुसेंबी त्या रात्री दोन चपात्या जास्त जेवला. दुसऱ्या महिन्यात कमी सापडल्या. आता नख फिरवावं लागत होतं.

ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. बाप वामुन्यू गावात लाकूड कोरायचा, झाडाखाली बसून दिवसाला तीन जिराफ, आणि तिन्ही वेगळे, कारण लाकूडच वेगळं, असं म्हणायचा. मुसेंबीला जिराफांचा कंटाळा आला आणि तो नैरोबीत आला, आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग स्प्रे हातात घेतला आणि मताटूंच्या अंगावर वीस वर्षं चेहरे काढले. मग स्टिकर आलं. बाकीचे रंगवणारे रडले, घरी गेले, भाजी विकायला बसले. मुसेंबी नाकावर टिच्चून टिकला, कारण त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. इथल्या बसगाड्या सारख्या नसतात. ट्रकची चौकट येते परदेशातून आणि तिच्यावर बॉडी चढवतात ती इथल्या शेडमधली माणसं, हाताने, वेल्डिंग करून, नळीला नळी जोडून. सकाळी केलेल्या बॉडीची खिडकी संध्याकाळी केलेल्या बॉडीत दोन इंच मागे असते. कुणाची उजवी बाजू डावीपेक्षा लांब. म्हणून प्रत्येक गाडीपाशी जावं लागतं, टेप धरावी लागते, आणि तरी टेपने सगळं कळत नाही. हात फिरवावा लागतो. मुसेंबीने कधी काही लिहून ठेवलं नाही. शहरातल्या नऊ-दहा शेडवाल्यांच्या खोडी त्याच्या डोक्यात होत्या, कोण खिडकी वर चढवतो, कोणाची मागची कमान भोपळ्यासारखी फुगते. त्यावर मग तो कॉम्प्युटरवर चित्र बसवायचा, सावकाश, एका बोटाने. माप घेण्यापासून छापून चिकटवेपर्यंत अकरा दिवस. गाडीमालक शिव्या द्यायचे आणि थांबायचे, आणि त्या थांबण्यातच मुसेंबीची सगळी किंमत होती.

मग गथोगोने नफुनाला आणलं. गथोगो म्हणजे कारखान्याचा मालक, चाळिशीचा, पोट सुटलेला, कुणाशीही बोलताना फोनकडे बघणारा. नफुना सत्तावीस वर्षांची, बुंगोमाकडची, केस अगदी बारीक कापलेले, हसायची कमी आणि विचारायची फार. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘फुंडी, तुम्ही प्रत्येक गाडीसाठी चित्र पहिल्यापासून मांडता?’ फुंडी म्हणजे कारागीर. सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत, पण तिच्या तोंडून ते आलं आणि त्याला उगीचच वाटलं की ती एखाद्या जुन्या यंत्राचं नाव वाचते आहे. ‘पहिल्यापासून,’ तो म्हणाला. ‘का?’ ‘कारण गाडी वेगळी असते.’ ‘सगळ्याच वेगळ्या?’ ‘सगळ्याच.’ ‘सगळ्या वेगळ्या असतील ना फुंडी,’ ती म्हणाली, ‘पण वेगळेपण तेच तेच असेल.’ त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याला कधी सुचलं नव्हतं आणि ते खरं होतं.

दोन महिन्यांत तिने कॉम्प्युटरवर साचे केले. तेहतीस सीटची गाडी, अमुक शेडची बॉडी, हा साचा. एकोणतीस सीटची, तमुक शेड, तो साचा. चित्र साच्यात टाकायचं की खिडक्या, दारं, चाकं आपोआप उमटायची, जोड कुठे यायला हवा ते मशीनच सुचवायचं, पट्टे आपोआप कापले जायचे, प्रत्येक पट्ट्यावर नंबर. छापखान्याच्या माणसाला आता काही विचारायला यावं लागत नसे. अकरा दिवसांचे तीन झाले, मग दोन. गथोगो सगळ्यांना सोडा पाजत हिंडला. मुसेंबीला त्याने खांद्यावर हात टाकून कोपऱ्यात नेलं. ‘फुंडी, तुमच्या डोक्यात जे जे आहे ते सगळं हिला सांगून टाका. मशीनमध्ये भरू दे. मग तुम्ही आराम करा, खूप केलंत.’ चोपन्नाव्या वर्षी आराम म्हणजे काय, ते त्याने रंगवणाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. विचारलं तर सांगायचा, पण जेवढं विचारलं तेवढंच, आणि त्यातलंही अर्धं. नफुना रोज वही घेऊन त्याच्या टेबलाशी यायची, ‘फुंडी, कमानीचा फुगवटा?’ आणि तो तळलेली मंडाझी चहात बुडवत म्हणायचा, ‘असतो थोडा.’ ‘थोडा म्हणजे किती?’ ‘हाताला कळतं.’ ती वही मिटायची. एकदा ती मिटलेली वही छातीशी धरून म्हणाली, ‘तुम्हाला माझा राग येतो का?’ त्याने वर पाहिलंच नाही. राग हा शब्द फार लहान होता. तिच्या टेबलावरचं तिचं स्वच्छ पेन, तिचा जेवणाचा डबा, त्यातली सुकुमाची पालेभाजी नीट एका बाजूला आणि मक्याची उगाली दुसऱ्या बाजूला, तिच्या चपलांचा आवाज, हे सगळं त्याला नकोसं होतं. ती आजारी पडावी असं त्याला वाटे. ती मुळात वाईट नाही, हे दिसे, आणि त्यामुळे तर जास्तच वाटे.

कमोथोची आई आली ती याच दिवसांत. कमोथो म्हणजे उमोजाच्या वाटेवर गाडी चालवणारा पोरगा. पोरगा कसला, चौतीस वर्षांचा होता, जानेवारीत तापाने गेला, सहा दिवसांत. गाड्या आईच्या नावावर, दोन. एक नवी बांधून येत होती. बाई उंच, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, रडून झालेली. तिने पिशवीतून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. ‘मागच्या बाजूला हा हवा,’ ती म्हणाली. ‘उजवीकडे. तो उजवीकडे बसायचा ना. खेळाडू नको, गाणारे नकोत, नाव पण नको. त्याला ओळखणारे ओळखतील.’ मुसेंबीने फोटो पाहिला नाही, कारण त्याला बघायची गरज नव्हती. आठ वर्षांपूर्वी कमोथोची पहिली गाडी त्यानेच स्प्रेने रंगवली होती. अकरा दिवस कमोथो रोज येऊन डोक्यावर बसायचा, शेंगदाणे खात. ‘फुंडी, हा सिंह आहे की बकरी? नाही, बकरी असेल तरी चालेल, पण मग तिला दाढी द्या ना.’ शेवटच्या दिवशी त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि मुसेंबीचा रंगाने माखलेला हात दोन्ही हातांत धरून ठेवला. पुढे जेव्हा जेव्हा उमोजाच्या वाटेवर भेटला तेव्हा त्याने मुसेंबीकडून भाडं घेतलं नाही, उलट मागच्या माणसांना ओरडून सांगायचा, उठा, फुंडीला बसू द्या, हा माणूस बकऱ्यांचे सिंह करतो. हे सगळं मुसेंबीला आठवलं, आणि आठवत असतानाच त्याने पाहिलं की बाईने फोटो त्याच्यासमोर नाही, नफुनासमोर ठेवला होता. नफुनाने दोन्ही हातांनी उचलला. ‘चेहरा तीन फूट रुंद येईल, आई,’ ती म्हणाली. ‘डोळे खिडकीच्या खाली राहतील, काचेवर जाणार नाहीत. मी बघते.’ बाईने मान हलवली आणि मग मुसेंबीकडे वळून, घरात एखादं म्हातारं माणूस बसलेलं असतं त्याच्याशी बोलावं तसं विचारलं, ‘तब्येत बरी आहे ना?’

त्याच आठवड्यात तो थुओच्या शेडमध्ये चहाला गेला. काही काम नव्हतं. माप घ्यायला कुणी पाठवत नव्हतं, पण पाय सवयीने जात. थुओ नदीपलीकडे बॉड्या बांधतो, कमोथोच्या आईची गाडी त्याच्याकडेच होती, नुसत्या पत्र्याची, रंग न लावलेली. मुसेंबीने कप हातात घेऊन तिच्या उजव्या बाजूने चक्कर मारली आणि थांबला. मागचं संकटकाळचं दार जागेवर नव्हतं. ‘सरकवलं,’ थुओ म्हणाला. ‘हल्ली सगळ्यांना मागे मोठ्या स्पीकरच्या पेट्या हव्या असतात. पेटी बसवली की दार उघडत नाही, म्हणून यंदापासून दारच पुढे घेतो. तुमच्या त्या साच्यांवाल्या पोरीला सांगा.’ ‘सांगतो,’ मुसेंबी म्हणाला. त्याच्याकडे टेप नव्हती. त्याने वीत लावली. एक वीत आणि वर बोटाचं एक पेर, नऊ इंच. जुन्या साच्यात दाराची फट चेहऱ्याच्या बाहेर, कानाच्या पलीकडे पडत होती. नऊ इंच पुढे म्हणजे कुठे, हे त्याला मोजावं लागलं नाही. चहा संपला होता तरी तो कप ओठाला लावून उभा राहिला. आत कुठेतरी त्याला बरं वाटत होतं, इतकं बरं की त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही. नदीवरून परत येताना त्याची चाल वेगळी झाली होती. तो स्वतःशी म्हणत होता, मी सांगणारच आहे, विचारू तर दे.

आणि तिने विचारलं. दुसऱ्याच दिवशी, वही न घेता, उभ्याउभ्या. ‘फुंडी, थुओच्या तेहतीस सीटच्या बॉडीला आपला साचा बसेल ना? गाडी अजून त्याच्याकडेच आहे, जाऊन पाहिलं असतं, पण गथोगो म्हणतात साचा आहे तर वेळ कशाला घालवायचा.’ मुसेंबी स्क्रीनकडे बघत होता. ‘बसेल,’ तो म्हणाला. ‘बघून सांगताय की असंच?’ ‘बघून. कालच तिथे चहा घेतला.’ तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते पाहून त्याला तिचा आणखीच तिरस्कार वाटला, कारण ते आभार होते. ‘बरं झालं तुम्ही गेलात,’ ती म्हणाली. ‘हा चेहरा बिघडलेला मला चालणार नाही.’ ती गेल्यावर त्याने हात टेबलाखाली घेतले. ते अगदी शांत होते, आणि या शांतपणाची त्याला थोडी भीती वाटली. यापुढचे पाच-सहा दिवस तो त्या शब्दाकडे परत परत जाई. बसेल. भविष्यकाळी शब्द, अजून मागे घेता येण्यासारखा. दुपारी तिच्या टेबलाशी जाऊन सहज म्हणता आलं असतं, अगं, ते दार जरा बघ. एकदा तो उठलाही. ती फोनवर स्वतःच्या आईशी बोलत होती, हळू, आपल्या भाषेत, आणि हसत होती. तो परत बसला. चित्र साच्यात गेलं, जोड आपोआप पडले, पट्टे छापून सुकत टांगले. त्यातल्या एका पट्ट्यावर कमोथोचा अर्धा चेहरा शेडच्या वाऱ्याने हलत होता आणि मुसेंबी तिथून जाताना दुसऱ्या वाटेने जाई.

चिकटवण्याचं काम रविवारी आलं. नफुना चर्चला, गथोगो गावी, शेडमध्ये दोन मजूर आणि मुसेंबी. या कामाला अजून त्याचाच हात लागत होता, गरम हवेची हीटगन धरायला आणि पातं चालवायला. गाडी जागेअभावी उजवी बाजू भिंतीला लागून उभी केली होती. मध्ये जेमतेम दोन फूट, त्यामुळे चेहरा पूर्ण कुणालाच दिसत नव्हता. एका मजुराला हनुवटी दिसे, दुसऱ्याला कपाळ. मुसेंबीला दिसायची गरज नव्हती. त्यांनी पट्टा वरून सोडला, गरम केला, रबराने दाबत दाबत हवा काढली. पत्रा ऊन होत गेला आणि स्टिकरच्या विनाइलला तो वास सुटला, गोडसर, डोक्यात चढणारा. आता दाराच्या फटीवरून पातं चालवायचं होतं, नाहीतर दार उघडणार नाही. मुसेंबीने बोट फिरवून फट शोधली. बोटाखाली उजवा डोळा होता. एवढ्या जवळून तो डोळा नव्हताच, तपकिरी आणि काळे ठिपके होते, यंत्राने उडवलेले, आणि त्यात एक पांढरा ठिपका, ज्यामुळे माणूस जिवंत दिसतो. स्प्रेने काढायचा तेव्हा तो हा पांढरा ठिपका अगदी शेवटी द्यायचा, श्वास रोखून, आणि कमोथो मागून ओरडायचा, बघायला लागला, बघायला लागला! अजूनही थांबता आलं असतं. मजुरांना म्हणायचं, काढा पट्टा, माप चुकलंय. मग उद्या नफुना विचारील, आणि तो सांगेल, आणि ती वहीत लिहून घेईल, आणि साचा दुरुस्त होईल, आणि आणखी एक गोष्ट त्याच्या डोक्यातून तिच्या मशीनमध्ये जाईल. ‘फुंडी, पातं बोथट आहे का?’ मजुराने विचारलं. ‘नाही,’ मुसेंबी म्हणाला आणि वरून खाली एका ओढीत कापलं. पातं सरळ गेलं. हात चांगला होता, त्याबद्दल प्रश्नच नव्हता.

सोमवारी दहा वाजता कमोथोची आई आली, बरोबर दीर, ड्रायव्हर, कंडक्टर. गाडी मागे घेत उन्हात आणली. डावी बाजू सगळ्यांनी पाहिली, गर्द निळी, खाली पिवळी रेघ, बाईने मान डोलावली. मग ती उजवीकडे गेली आणि उभी राहिली. मुसेंबी शेडच्या दारात होता आणि त्याची नजर बाईकडे नव्हती, नफुनाकडे होती. चार महिने तो या क्षणाची वाट पाहत होता. नफुनाचं तोंड किंचित उघडलं, चेहऱ्याचा रंग उडाला, हात आपसूक डोक्यावर गेला, आणि ते त्याला हवं तसं झालं, अगदी तसं. तेवढ्यात कंडक्टरला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक. त्याला वाटलं बाई दाराकडे बघते आहे, म्हणून नवं दार किती हलकं आहे ते दाखवायला त्याने खिटी काढली. दार उघडलं. कमोथोचा अर्धा चेहरा त्याच्याबरोबर बाहेर फिरला, एक डोळा दोन तुकडे होऊन, आणि त्या अर्ध्याच्या जागी आतल्या सीटा दिसू लागल्या. ड्रायव्हर हसला, त्याचं त्यालाच न कळता, आणि लगेच गप्प झाला. बाईने पुढे होऊन दोन्ही हातांनी ते दार हळूच लावलं आणि लावल्यावर हात तसेच चित्रातल्या गालावर ठेवून उभी राहिली.

‘चूक माझी आहे, आई,’ नफुना म्हणाली. ती बाईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ‘साचा माझा. मी जाऊन बघायला हवं होतं.’ गथोगोने फोन खिशात टाकला, हे फार क्वचित व्हायचं. ‘बघायला हवं होतं म्हणजे? गिऱ्हाईकापुढे तोंड दाखवायला जागा ठेवलीस का? साचे, साचे, म्हणत नाचत होतीस!’ ‘पण थुओच्या शेडमध्ये कुणी गेलं नव्हतं का?’ दिराने विचारलं आणि त्याचं बोट मुसेंबीकडे वळलं. ‘हा म्हातारा मापं घ्यायचा ना?’ नफुनाने मुसेंबीकडे पाहिलं. ती बोलणार, हे त्याला दिसलं, आणि ती बोलली नाही. गथोगोच बोलला. ‘त्याला कशाला मध्ये ओढता? त्याने चार महिन्यांत टेपला हात लावलेला नाही. त्याला काय कळणार आहे?’ तो हे चांगल्या मनाने म्हणाला. मुसेंबीला वाचवायलाच म्हणाला. त्यावर गप्प राहिलं की झालं होतं. पोरगी जाणार, साचे कुणी हाताळणार नाही, टेप पुन्हा त्याच्या हातात. त्याला काय कळणार आहे. उन्हात सगळी माणसं त्याच्यापासून नजर काढून पुन्हा गाडीकडे वळत होती, तो तिथे नव्हताच अशी.

‘मला माहीत होतं,’ मुसेंबी म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. तो दारातून पुढे आला आणि मोठ्याने, भांडल्यासारखा म्हणाला, ‘मला माहीत होतं! दार नऊ इंच पुढे आहे. यंदापासून थुओ पुढे घेतो, स्पीकरच्या पेट्यांसाठी. मी बारा दिवसांपूर्वी पाहिलं. वीत लावून मोजलं. काल हे कापलं तेही मीच, डोळा कुठे आहे ते बघून. माझ्याशिवाय इथे कुणाला काही कळत नाही!’ शेवटचं वाक्य त्याने गथोगोकडे बघून म्हटलं आणि मग त्याला उमगलं की आपण सगळंच बोलून गेलो. शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. कमोथोच्या आईने गालावरचे हात काढले. ‘मला वाटलं चूक झाली,’ ती म्हणाली. ती रागावलेली दिसत नव्हती, समजून घेत असल्यासारखी दिसत होती, आणि ते त्याला सहन होईना. ‘चूक असती तर काय, काढा म्हटलं असतं. चहा घेतला असता इथेच बसून.’ मग ती म्हणाली, ‘तो तुझ्याकडून भाडं घ्यायचा नाही.’ ‘नाही घ्यायचा,’ मुसेंबी म्हणाला. ‘मला सांगायचा, आज फुंडी होता गाडीत.’ एवढं बोलून तिने त्याच्याकडे पाठ केली आणि खुर्ची मागितली. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. ती गाडीकडे पाठ करून बसली.

‘आज होईल का?’ तिने नफुनाला विचारलं. नफुनाने डोळे पुसले, आत जाऊन लॅपटॉप आणला आणि रंगाच्या रिकाम्या पिंपावर ठेवला. ‘संध्याकाळी पाचपर्यंत होईल, आई. चेहरा पुढे घेते, फट कानापलीकडे जाईल.’ मग ती मुसेंबीकडे न बघता म्हणाली, ‘पूर्ण नऊ?’ त्याने उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. बाईची पाठ समोर होती, रुमालाची गाठ, मानेवरचे पिकलेले बारीक केस. ‘वर नऊ,’ तो म्हणाला. ‘खाली साडेआठ. थुओची चौकट सरळ नसते.’ कळ दाबल्याचा आवाज झाला. ‘नेहमीच अर्धा इंच?’ ‘उजवीकडे अर्धा. डावीकडे पाऊण.’ ‘आणि कमान?’ ‘कमान सव्वादोन इंच फुगते, पण चाकापाशीच, पुढे वीतभर गेलं की सपाट होते.’ तिची बोटं चालत होती. गथोगोने स्टूल आणून त्याच्यामागे ठेवलं आणि मुसेंबी बसला. थुओचं झालं, मग नदीअलीकडच्या त्या दोन भावांचं, जे खिडकी वर चढवतात, पण धाकट्याने बांधली असेल तरच. मग एअरपोर्ट रस्त्यावरच्या शेडचं, तिथे छताचा उतार पावसाळ्यात बांधलेल्या गाड्यांना वेगळा असतो, कारण तेव्हा ते आत बांधतात आणि आत जमीन तिरकी आहे. हे त्याने आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. तो हातवारे करू लागला, हवेत कमानी काढू लागला, नफुना मध्येच थांबवून विचारी आणि तो आणखी खोलात जाई. छापखान्याचा माणूस येऊन उभा राहिला, मजूर आले, गथोगो फोनकडे न बघता ऐकत होता. मुसेंबीला लाज वाटत होती आणि फार छान वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि तोंड काही केल्या थांबत नव्हतं. बाई पाठ करून बसलेलीच होती.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा तो गप्प झाला. नफुनाने शेवटचा आकडा टाकला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं, काम संपत आलेल्या माणसाची असते तशी ती नजर होती.

‘अजून काही, फुंडी?’

मुसेंबीने आठवून पाहिलं. एकेक शेड डोळ्यांसमोर आणली, एकेक दार, एकेक खिडकी, आणि प्रत्येकाचं आधीच सांगून झालेलं होतं.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘एवढंच होतं.’